काकू, भाकरी का तुटते?

या महिन्याच्या पत्रांमध्ये तिघांनी एकच वाक्य लिहिलंय : "काकू, माझ्या हाताला चवच नाही." मी पुण्यात २२ वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं. एवढ्या वर्षांत हाताला चव नसलेलं माणूस मला भेटलेलं नाही. जुनं पीठ, जड पाणी आणि चुकलेली आच मात्र रोज भेटायची. तेव्हा स्वतःला बोल लावण्याआधी त्यांच्याकडे बघू.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, नोकरीसाठी एकटा राहतो. आई गावी असते. ज्वारीची भाकरी थापताना कडेनं फाटते आणि उचलली की हातातच तुटते. व्हिडिओ बघून तसंच करतो, तरी जमत नाही. शेवटी पोळ्या विकत आणतो. काय चुकतंय?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : बाळा, पीठ कधी दळलेलं आहे? पत्रात तू सगळं लिहिलंस, तेवढंच राहिलं. आणि मला वाटतं, घोडं तिथंच अडलंय.

गव्हाची कणीक ताणली जाते ती तिच्यातल्या ग्लूटेनमुळे. ज्वारीत ग्लूटेन नसतं. तिची सगळी मदार ताज्या पिठावर आणि गरम पाण्यावर. दळून महिना उलटला की पिठाची विरी जाते. मग कितीही मळ, ते धरून राहत नाही, चवीलाही कडवट लागतं. पाकिटातलं पीठ आणत असशील तर त्यावर दळल्याची तारीख बघ.

केंद्र सुरू केलं त्या पहिल्या वर्षी आमच्याकडे ६० भाकऱ्यांची ऑर्डर होती. थापायला येणाऱ्या मावशींच्या निम्म्या भाकऱ्या तुटल्या. मी त्यांना सगळ्यांदेखत बोलले. दुपारी पिठाचा डबा उपसला तेव्हा कळलं, ते पीठ गणपतीच्या आधी दळलेलं होतं आणि आम्ही दिवाळीत होतो. पिठाचा दोष मी माणसाच्या माथी मारला होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली, पण त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. म्हणून तुला सांगते, व्हिडिओ राहू दे, आधी पीठ बदल.

ज्वारी मालदांडी घे. मी मंगळवेढ्याच्या बाजूची, त्यामुळे माझा जीव तिच्यावर आहेच. पण तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. दळताना किलोभरच दळ. गिरणीवाले एवढंसं घ्यायला कुरकुरतात, तर शेजारच्या एखाद्या घराशी भागी कर. उरलेलं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेव.

आता कृती. एका वेळी दोनच भाकऱ्यांचं पीठ भिजव. एक वाटी पीठ आणि जवळजवळ तेवढंच पाणी, बोटभर कमी. पाण्यात चिमूटभर मीठ घालून ते खळखळून उकळ, पिठाच्या मध्यात ओत, उलथन्याच्या टोकानं कालव आणि पाच मिनिटं झाकून ठेव. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ बांधून धरतो. हाताला सोसवेल इतपत निवलं की तळहाताच्या टाचेनं रगडून मळ. इथं कंटाळा करू नकोस, चांगली पाच मिनिटं मळ. गोळा दोन बोटांत दाबून बघ : कडेला भेग पडली तर पाण्याचा हात लावून आणखी मळ.

परातीत कोरडं पीठ भुरभुर आणि थापायला घे. बोटं कडेकडेनं फिरव, मध्ये जोर नको. सुरुवातीला भाकरी आपल्या पंजाएवढीच कर. मोठी भाकरी उचलणं हा पुढचा धडा. तवा चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर येईल अशी टाक आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरव. ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलट, नाहीतर वर भेगा पडतात. ही बाजू नीट भाजू दे. मग तवा बाजूला घे आणि भाकरी पाण्याची बाजू वर ठेवून थेट आचेवर धर. टम्म फुगेल. नाही फुगली तरी खाऊन टाक, ताज्या भाकरीला काही होत नाही. वर लोणी, आणि बाजूला कांदा बुक्कीनं फोडून.

प्रश्न : माझं माहेर कोल्हापूरचं. लग्नानंतर आम्ही दोघं लातूरला भाड्याच्या घरात राहतो. माहेरी तीन शिट्ट्यांत शिजणारी तुरीची डाळ इथं सात शिट्ट्या करूनही दाताखाली येते. वेळ वाचावा म्हणून टोमॅटो, आमसूल सगळं डाळीबरोबर कुकरमध्येच घालते. सासूबाई येणार आहेत, मला भीती वाटते.
– नवी सून, लातूर

उत्तर : अगं, घाबरू नकोस. तुझ्या घरात बोअरचं पाणी येत असणार. जड पाण्यातल्या क्षारांमुळे डाळीचा दाणा कडक राहतो, आणि आंबट पदार्थही तेच करतो. तू दोन्ही एकदम घालतेस, डाळ बिचारी शिजणार कशी?

फक्त डाळ शिजवण्यापुरतं पिण्याचं फिल्टरचं पाणी घे. अर्धी वाटी डाळ धुऊन अर्धा तास भिजव. मग दीड वाटी पाणी, हळद, हिंग आणि थेंबभर तेल घालून शिजव. चार शिट्ट्या झाल्या की आच मंद करून आणखी पाच मिनिटं ठेव. सोडा घालू नकोस. डाळ मऊ होते, पण तिच्यातलं ब-१ जीवनसत्त्व नासतं आणि चवही साबणासारखी लागते. एवढं करूनही दाणा तसाच राहिला तर डाळ जुनी आहे, दुकान बदल.

आमटी कर ती डाळ घोटून झाल्यावर. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी, त्यावर डाळ, मग चमचाभर गोडा मसाला, तीन-चार आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. चांगली उकळी फुटू दे. शेवटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर. सासूबाईंना वाढताना पाण्याची गोष्टही सांग. त्यांच्या घरीही कधीतरी टँकरचं पाणी येत असेल, त्यांना उपयोग होईल.

एक दुरुस्ती. मागच्या अंकात मी करपलेल्या भांड्यात पाणी आणि खायचा सोडा घालून उकळायला सांगितलं होतं. नाशिकच्या एका वाचक ताईंनी ते ॲल्युमिनियमच्या कुकरला केलं आणि कुकर आतून काळा पडला. चूक माझी आहे, भांडं कोणतं हे मी लिहायला हवं होतं. सोडा स्टीलच्या भांड्याला चालतो. ॲल्युमिनियम सोड्यानं काळं पडतं, त्याला आंबट लागतं. ताई, कुकरमध्ये काळ्या डागाच्या वरपर्यंत पाणी घ्या, पिळून झालेल्या लिंबांची सालं किंवा चिंचेचा चोथा टाका आणि झाकण न लावता १५ मिनिटं उकळा. बरंच उजळेल. कुकर सुरक्षित आहे, टाकून देऊ नका.

प्रश्न : कॅनडात आमची ही पहिलीच थंडी. रात्री विरजण लावलं तरी सकाळी दूधच असतं. जास्त विरजण घातलं तर आंबट पाणी सुटतं.
– एक वाचक, टोरांटो

उत्तर : विरजण वाढवू नका, ऊब वाढवा. दूध उकळून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा, त्यानं दही घट्ट लागतं. मग करंगळी बुडवून दहा अंक मोजता येतील इतपत निवू द्या, म्हणजे ४० ते ४५ अंश. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण पुरे, पण ते फेटून घाला. दुकानातलं दही विरजणाला घेत असाल तर जिवंत जंतूंचं आहे ना, डब्यावर वाचून घ्या. भांडं जाड टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन तापवायचा नाही, आतला दिवा तेवढा चालू ठेवायचा. सहा ते आठ तास हलवू नका. आमच्याकडे डिसेंबरात आई दह्याचं भांडं गव्हाच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवायची. तुमचा ओव्हन तेच काम करेल.

प्रश्न : वय ७१. पत्नीला जाऊन सात महिने झाले. मुलं परगावी. सकाळचा भात आणि वरण दिवसभर ओट्यावर ठेवून रात्री गरम करून खातो. ती रात्री कधी कधी तांदळाची उकड करायची. ती मला करता येईल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : दादा, नक्की येईल.

आधी भाताचं सांगते, कारण त्याची काळजी वाटते. शिजलेला भात दिवसभर बाहेर ठेवू नका. काही जंतूंचं बीज शिजवूनही मरत नाही. भात कोमट राहिला की ते वाढतं आणि त्यातून होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत भात पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि रात्री वाफ येईपर्यंत गरम करा. वरणही तसंच.

आता उकड, एका माणसापुरती. अर्धी वाटी तांदळाचं पीठ, एक वाटी आंबट ताक, अर्धी वाटी पाणी आणि मीठ एकत्र करून गुठळ्या मोडून घ्या. हे गॅस पेटवण्याआधीच करा, म्हणजे घाई होत नाही. छोट्या कढईत दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, एक हिरवी मिरची. लसूण तांबूस झाला की आच मंद करा, कालवलेलं पीठ ओता आणि हात न थांबवता ढवळा. दोन-तीन मिनिटांत घट्ट होतं आणि कढईच्या कडा सोडू लागतं. झाकण ठेवून चार मिनिटं मंद वाफ द्या. ताटलीत काढून मध्ये खड्डा करा आणि त्यात चमचाभर कच्चं तेल घाला. गरमच खा.

पहिल्या दिवशी पातळ झाली तर दुसऱ्या वेळी चमचाभर पीठ वाढवा. आणि एक कळवा. वहिनी लसणाची उकड करायच्या की नुसत्या मिरची-कढीपत्त्याची? ते तुमच्या पत्रात राहिलंय. आठवून लिहा, म्हणजे पुढच्या अंकात त्यांच्या पद्धतीचं प्रमाण देते.