दहा महिन्यांच्या बाळाचं सोडियम १६२ आहे, उतरवायला दोन दिवस कशाला?

जुलाबामुळे तुमच्या भाचीला कोल्हापुरात भरती केलंय, सोडियम १६२ आलंय आणि डॉक्टर 'हळूहळू उतरवू' म्हणतात. हा हलगर्जीपणा का, पुण्याला हलवावं का, असं तुम्ही विचारलंय.

हलगर्जीपणा अजिबात नाही. हळू उतरवणं हाच उपचार आहे. रक्तातलं सोडियम चढलं की मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. एक-दोन दिवस तसंच राहिलं तर तग धरायला पेशी आत विरघळलेले पदार्थ साठवतात. मग सोडियम झपाट्याने उतरवलं तर पाणी त्याच पेशींत घुसतं, मेंदू सुजतो, झटके येतात, कायमची इजाही होते. म्हणून उतार तासाला ०.५ आणि २४ तासांत १० ते १२ च्या आतच ठेवतात. १६२ वरून १४५ ला, म्हणजे नॉर्मलच्या वरच्या टोकाला, यायला दीड-दोन दिवस लागणारच. बाळाचे हातपाय गार पडले असतील तर सुरुवातीला नॉर्मल सलाईन भरभर देतात, त्याला घाबरू नका. त्यात सोडियम १५४ असतं, आकडा त्याने कोसळत नाही.

डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: सोडियम किती तासांनी तपासताय? सुरुवातीला दर चार-सहा तासांनी हवं. वेळ आणि आकडा वहीत लिहा. सकाळी ८ ला १६२, दुपारी २ ला १५९, हे बरोबर. दुपारी २ लाच १५२ आला तर लगेच डॉक्टरांना गाठा, सलाईन बदलावं लागेल. झटका आला, टाळू फुगली, बाळ उठवूनही उठेना, तर रिपोर्टची वाट बघू नका.

आणि कृपा करून 'पोरीचा घसा सुकलाय' म्हणत आजीला गुपचूप साधं पाणी पाजू देऊ नका. तोंडाने काय आणि किती, ते डॉक्टरच ठरवतील.

घरी ओआरएस कसं कालवलं होतं, तेही डॉक्टरांना सांगा. लिटरभराचं पाकीट २०० मिली पाण्यात कालवलं तर सोडियम ७५ ऐवजी ३७५ होतं. सोडियम चढण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

पुण्याच्या चार-पाच तासांच्या वाटेत सोडियम तपासता येत नाही. आहे तिथे रात्रीची लॅब किंवा लहान मुलांचा आयसीयू नसेल तर आधी कोल्हापुरातच दुसरीकडे चौकशी करा. हलवायचंच ठरलं तर सलाईनचं नाव, वेग आणि ती वही सोबत द्या.