काळा कोट जरूर घाला, पण बाग विकून नको

ताई, आधी तुमच्या पत्रातले आकडे मांडतो. वय ३२, बी.कॉम., रत्नागिरीतल्या पतसंस्थेत नऊ वर्षं नोकरी, हातात २८ हजार. यजमान मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, महिना सरासरी ३५ हजार, पण जून-जुलैच्या मासेमारी बंदीत काहीच नाही. घरखर्च ३४ हजार, घराचा हप्ता ८,२००. एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून साडेआठ लाख. आता नोकरी सोडून इथल्या भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयात तीन वर्षांचं एलएलबी करायचं, फौजदारी वकील व्हायचं आणि त्यासाठी वडिलांकडून आलेली पावस गावची आंब्याची बाग विकायची, असं तुमच्या मनात आहे.

माझं मत स्पष्ट आहे. वकील व्हा. राजीनामा मात्र एक वर्षाने द्या आणि बागेला हात लावू नका.

सासरे म्हणतात, चोरांची वकिली कशाला? त्यांना सांगा, अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क संविधानाच्या २२व्या कलमात आहे. मावसभावाला अटक झाली तेव्हा वकील शोधताना तुमची झालेली धावपळ तुम्ही लिहिली आहे. हे काम नीट करणारी माणसं तालुक्या-तालुक्यात हवीत, असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच तुम्ही अर्ध्यावर सोडू नये, एवढी तजवीज आधी व्हायला हवी.

यजमानांची दहा महिन्यांची कमाई साडेतीन लाख. घर आणि हप्ता मिळून वर्षाला लागतात ५ लाख ६ हजार. फी, पुस्तकं, प्रवासाचे तुम्ही धरलेले ४० हजार मिळवले, तर दरवर्षी जवळजवळ दोन लाखांची तूट. तीन वर्षांचे सहा लाख. बहुतेक जण इथेच हिशोब थांबवतात, आणि खरी ओढाताण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावर सुरू होते.

सनद स्वस्त आहे. खुल्या वर्गासाठी नोंदणी शुल्क ७५० रुपयांवर घेता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. पुढे दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते, तीही तुम्हाला जड नाही. पण सनद घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, म्हणजे पतसंस्थेचा आधार संपला. ज्येष्ठ वकिलाकडे काम करणाऱ्या ज्युनिअरला ग्रामीण भागात महिना १५ हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवलं आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही. पहिली दोन वर्षं मी सात-आठ हजारच धरतो. त्या दोन वर्षांसाठी, थोडं जास्त धरून, आणखी दोन लाख. शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च अडीच लाख वेगळा. एकूण साडेदहा लाख.

आज तुमच्याकडे साडेआठ आहेत. नोकरी चालू ठेवली तर वर्षाला १ लाख ८० हजार शिल्लक पडते, त्यात व्याज धरा. पुढच्या प्रवेशापर्यंत रक्कम जमते. तोवर सीईटीचा अभ्यास होईल आणि नोकरीची दहा वर्षं भरतील. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, त्यामुळे नऊ वर्षांवर सोडणं मला पटत नाही. पीएफची रक्कमही काढू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मे ते जुलैची. मे महिन्यात जिल्हा न्यायालयांना उन्हाळी सुट्टी, रिमांड आणि तातडीचे जामीन तेवढे चालतात. तिच्या पाठोपाठ बंदी. घरातली दोन्ही मिळकत एकापाठोपाठ एक आटणार. म्हणून त्या तीन महिन्यांचे सव्वा लाख दरवर्षी एप्रिलअखेर बाजूला काढलेले असावेत. यजमान समुद्रावर असतात, तेव्हा त्यांचा टर्म विमा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा राजीनाम्याआधी घ्या.

फौजदारी कामात फीची सवय पहिल्या दिवसापासून लावा. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे, आणि सुटलेला आरोपी क्वचितच मागची बाकी द्यायला येतो. जामीन अर्ज, दोषारोप, उलटतपास, युक्तिवाद असे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याआधी पैसे घ्या. गरीब अशिलाला फी माफ करायची तर ती ठरवून माफ करा, थकवून नको. अगदीच जमेना तर विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव वकील योजनेत सहाय्यक पदासाठी अर्ज करता येतो. मानधन दरमहा मिळतं, मात्र खासगी खटले घेता येत नाहीत. शिकायला ती जागा चांगली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरीची उच्च न्यायालयातली कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. मुंबईपेक्षा आंबा घाटातून कोल्हापूर जवळ, त्यामुळे पुढे ते काम तुमच्या आवाक्यात येईल.

राहिली बाग. सध्या चुलतभाऊ बघतो आणि तुम्हाला चार पेट्या आंबे मिळतात, असं लिहिलंय. त्याच्याशी बोलून ती हंगामापुरती कराराने द्या, त्यालाच दिली तरी चालेल. करार लेखी करा आणि पैसे मोहोराच्या वेळीच घ्या. ते थेट त्या सव्वा लाखात जमा करा.