आंब्यावरचा वटवट्या आणि कुंपणातला वटवट्या

डिसेंबरात पुण्यात काढलेल्या या दोन फोटोंत पक्षी एकच आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही, हे दोन वेगळ्या जातींचे वटवट्ये (इंग्रजीत वॉर्बलर, म्हणजे छोटे पक्षी) आहेत. आंब्याच्या शेंड्याकडचा ग्रीनिश वॉर्बलर, म्हणजे हिरवट वटवट्या. घाणेरीच्या कुंपणातला ब्लिथ रीड वॉर्बलर. दोघेही हिवाळी पाहुणे.

रंगावर जाऊ नका. पानांतून झिरपणाऱ्या उजेडात तपकिरी पक्षीही फोटोत हिरवा उतरतो, आणि निम्म्या चुका तिथेच होतात. भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ, बघा. पहिल्या फोटोत ती चोचीपासून निघून डोळ्याच्या बरीच मागे जाते, खाली डोळ्यातून गडद रेघ आहे. मिटलेल्या पंखावर एकच बारीक फिकट पट्टी आहे. ही पट्टी म्हणजे पंख झाकणाऱ्या पिसांची फिकट टोकं. ती झिजली की पट्टी पुसट होते, कधी दिसतही नाही. म्हणून पट्टी नाही एवढ्यावरून ग्रीनिश बाद करायचा नाही. दोन पट्ट्या दिसल्या तर मात्र डोकं तपासा: वेस्टर्न क्राउन्ड वॉर्बलरच्या माथ्यावर मधोमध फिकट रेघ असते.

दुसऱ्या फोटोत भुवई डोळ्यापाशीच विरते, चोच लांब आहे, पंख कोरा आणि आखूड, शेपटीचं टोक गोलसर. टोक चौकोनी आणि बाहेरच्या कडा पांढुरक्या असत्या, तर बूटेड किंवा साइक्स वॉर्बलर. त्या दोघांतला फरक फोटोवरून सांगणारे बरेच जण अंदाजच मारतात, हे माझं स्पष्ट मत.

खरा निकाल आवाज देतो. ग्रीनिश दिवसभर ‘चिस्-वी’ असं दोन तुकड्यांत बोलतो. पांढऱ्या धोबी पक्ष्याची आठवण यावी असा सूर. ब्लिथ झुडपाच्या आतून ‘चक्… चक्’ करतो, जिभेने टाळूवर टिचकी मारल्यासारखा. मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, पण पक्ष्याला बाहेर काढायला रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू नका. ग्रीनिश हिवाळ्यातही आपली हद्द राखतो, खाणं सोडून भांडायला येतो.

पुढच्या वेळी एक फोटो बाजूने, मिटलेला पंख दिसेल असा, आणि एक खालून, शेपटी दिसेल असा काढा. टाकण्याआधी सॅच्युरेशन वाढवू नका, आणि पक्षी जमिनीपासून किती उंचीवर होता तेही लिहा.