तेरा पॉइंट आहेत, बोलू की पास देऊ?

प्रश्न : ब्रिज क्लबातल्या टीम सामन्यात आम्ही व्हल्नरेबल (बुडाल्यावर दंड जास्त बसतो ती स्थिती) होतो, समोरचे नव्हते. उजवीकडच्याने ‘एक इस्पिक’ने सुरुवात केली. माझ्याकडे इस्पिक राणी-७-४, बदाम राजा-६, चौकट एक्का-गुलाम-८-५-२ आणि किलवर राजा-७-३. मी ‘दोन चौकट’ म्हटलं. डावीकडून पास, भिडूचा पास, मग सुरुवात करणाऱ्याने डबल (बोली बुडाली तर दंड वाढवणारी बोली) दिलं आणि सगळे तिथेच थांबले. तीन हात बुडाले, ८०० गेले. हाच डाव दुसऱ्या टेबलावर समोरच्यांच्या जागी बसलेल्या आमच्या जोडीने खेळला आणि ‘दोन इस्पिक’ करून ११० मिळवले. तेरा पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) असूनही गप्प बसायचं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : हो, या पानांवर गप्पच बसायचं. ८०० गेले, ११० आले, म्हणजे निव्वळ ६९० चा तोटा; टीम सामन्यात अशा फरकाचे जे गुण धरतात, ते १२ आयएमपी गेले.

पॉइंट बाजूला ठेवा, हात मोजा. चौकटीत एक्का धरून दोन, फार तर तीन. बदाम आणि किलवरचे राजे अर्धा-अर्धा हात. इस्पिकची राणी हल्ल्यात जवळपास कुचकामी. म्हणजे कसेबसे चार, आणि ‘दोन’च्या बोलीला हवेत सहा अधिक दोन, आठ. भिडूकडे काहीच नाही असं धरून व्हल्नरेबल असताना दोन, नसताना तीन हात कमी पडले तर चालतील, असा जुना ठोकताळा आहे. कारण डबल झाल्यावर पहिल्या स्थितीत २००, ५००, ८०० आणि दुसऱ्यात १००, ३००, ५०० असे जातात. दोन्हीकडे मर्यादा ५०० ची. ओव्हरकॉलला (समोरच्यांनी सुरुवात केल्यावर आपण लावलेल्या बोलीला) हा ठोकताळा काटेकोर लावला तर आपण फारच कमी वेळा बोलू; भिडूकडे एखादा हात असतोच. पण चार हातांची तूट त्याच्या भरवशावर टाकणं हा जुगार झाला.

आता फायद्याची बाजू. एकूण पॉइंट ४०. तुमचे १३, सुरुवात करणाऱ्याचे किमान १२ धरले, तर उरलेल्या दोघांत मिळून जेमतेम १५. भिडूकडे गेमला (बोनस मिळवून देणाऱ्या मोठ्या बोलीला) पुरेल एवढा माल असण्याची शक्यता किती, ते यातच दिसतं.

तुमची इस्पिकची तीन पानंही धोक्याचीच खूण. तुमच्याकडे तीन, सुरुवात करणाऱ्याकडे पाच, म्हणजे डावीकडच्याकडे इस्पिक कमी असून चौकट लांब असू शकते. तो पास देऊन स्वतःच्या भिडूच्या डबलची वाट बघत बसतो. तुमच्याकडे झालं ते नेमकं हेच.

याउलट हे पाहा : इस्पिक ४, बदाम एक्का-६-३, चौकट राजा-राणी-गुलाम-१०-७-२, किलवर ८-७-३. पॉइंट दहाच, पण चौकटीचे पाच आणि बदामचा एक असे सहा हात हातात. शिवाय समोरचे खेळले आणि भिडूने चौकटीची उतारी केली (पहिलं पान टाकलं) तर ती हवीच आहे. इथे व्हल्नरेबल असूनही बेधडक ‘दोन चौकट’ म्हणा. आपल्याकडे पॉइंट मोजून बोलायची सवय फार. रंगाची मधली पानं, दश्शी-नव्वी, कुणी बघतच नाही.

पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत, जिथे प्रत्येक डावाची तुलना इतर जोड्यांशी होते) गणित थोडं बदलतं. डबल न होता १०० गमावून समोरच्यांचे ११० वाचवले तर तिथे चांगले गुण मिळतात. टीममध्ये त्या दहाचं मोल शून्य. उलट पार्ट-स्कोअरच्या (गेमपेक्षा छोट्या बोलीच्या) डावात २०० देणं पेअर्समध्ये फार महागात पडतं, कारण समोरच्यांना ११० किंवा १४० च मिळणार असतात.

प्रश्न : अशा वेळी मी बराच विचार करून पास दिला, तर भिडूने पुढे बोलावं का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : त्याची स्वतःची पानं बोलायला लावत असतील तर खुशाल. पण तुमचं रेंगाळणं म्हणजे ‘माझ्याकडे काहीतरी आहे’ असं सांगणंच झालं, आणि त्या माहितीचा फायदा घ्यायला ड्युप्लिकेट ब्रिजचा (तेच डाव वेगवेगळ्या टेबलांवर खेळायच्या प्रकाराचा) १६ वा नियम मनाई करतो. काठावरची पानं असतील तर त्याला पासच द्यावा लागेल, नाहीतर समोरचे डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावतील आणि निकाल बदलूही शकतो. म्हणून ‘कितपत पानांवर दोनच्या लेव्हलला बोलायचं’ हे भिडूशी खेळायला बसण्याआधीच ठरवा, म्हणजे टेबलावर पास नेहमीच्याच वेगाने पडेल.