जिनिंगसाठी ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट घेताना काय बघावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की धुळ्याकडच्या जिनिंगला नवीन ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट घ्यायचाय अन डीलर नुसता एचपी सांगतोय. मी जळगावला एमआयडीसीत याच गाड्यांची कामं करतो, तर माझ्या मते आधी रेडिएटर बघा मग बाकीचं.

रुईची गाठ १७० किलोची, क्लॅम्पमध्ये (गाठी दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पुढचा जोड) एकावेळी ४ धरल्या तरी ६८० किलो, म्हणजे ३ टनीला ते ओझं काहीच नाही. गाडी मरते ती रुईच्या तंतूंनी. एका जिनिंगवर एप्रिलमध्ये गाडी तासाभरात तापायची, आम्ही थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला, मालकाचे पैसे गेले अन गाडी तशीच. शेवटी रेडिएटर खाली उतरवला तर जाळीत गादीसारखा थर बसलेला. बऱ्याच गाड्यांत पंखा हवा मागे काउंटरवेटच्या (तोल राखायला मागे बसवलेल्या वजनाच्या) बाजूला ढकलतो, म्हणून कचरा आतून चिकटतो अन बाहेरून दिसतच नाही. हवा मारायची तर मागून आत, उलट्या दिशेने, आणि रोज. टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) तेल पण बहुतेक गाड्यांत तिथंच थंड होतं, ते तापलं की गाडीची ओढ जाते अन लोक गिअरबॉक्स उघडून बसतात. म्हणून पाकळ्यांत (फिन्समध्ये) जास्त अंतर असलेला रेडिएटर अन पटकन निघणारी जाळी मागा.

त्याच्या जोडीला सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर (धुरातल्या ठिणग्या अडवणारा भाग) पाहिजेच पाहिजे, कापसाजवळ डिझेल गाडी त्याच्याशिवाय फिरवूच नका, आणि एक्झॉस्टवरची रुई दर पाळीला काढायची.

आता ३ टनाचं. तो आकडा वजनाचा मध्य काट्याच्या (फोर्कच्या) उभ्या तोंडापासून ५०० मिमीवर असतानाचा असतो. पुढचा एक्सल काट्यापासून ४८० मिमी मागे धरा, वजनाचा मध्य ७०० मिमीवर गेला की ३००० गुणिले ९८० (४८० अधिक ५००) भागिले ११८० (४८० अधिक ७००), म्हणजे राहिले अडीच टनाच्या आत. क्लॅम्पचं स्वतःचं वजन अजून वेगळं, अन उंच उचललं की अजून कमी. गाठीला हे चालून जातं, पण सीझन संपल्यावर त्याच गाडीने मशिनरी उचलणार असाल तर क्लॅम्पसकटची कपॅसिटी प्लेट (गाडी किती उचलते ते लिहिलेली पट्टी) लिहून मागा.

ड्रायव्हरला एक सांगा, डावा इंचिंग पेडल (गाडी हळूहळू सरकवायला दाबायचा) पाय ठेवायला नाहीये. अर्धवट दाबून चालवलं की क्लच प्लेटा घासतात अन तेल तापतं. काटे उचलणारी साखळी ३ टक्के लांबली की बदला, काट्याची टाच (जिथं तो वाकतो) १० टक्के झिजली की काटा बाद.

डेमो शोरूमला घेऊ नका, तुमच्याच यार्डात भर दुपारी ४ गाठी धरून दोन तास चालवायला लावा अन तापमानाच्या काट्याकडे बघत बसा.