पोरगी म्हणते कणांची मॉडेलं करणार, बी.एड.चं काय?

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळमालकांचं पत्र आहे. मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय फिजिक्स. "प्रोटॉनची टक्कर झाली की नवे कण कसे तयार होतात, त्याची थिअरी करायची," म्हणते. वडील विचारतात, यात पोट भरेल का, की बी.एड. करू दे?

नमस्कार. ती काय म्हणते ते आधी तुमच्याच काहिलीवर सांगतो. रस उकळायला लागला की चुलवाणात कितीही चिपाड सारा, रस फारसा जास्त तापत नाही, वाफ तेवढी वाढते. (पाक घट्ट व्हायला लागला की गोष्ट वेगळी, ते तुमचा गुळव्या मला शिकवेल.) सर्न या युरोपातल्या कणसंशोधन केंद्रातले भौतिकशास्त्रज्ञ हॅगेडॉर्न यांनी १९६५ मध्ये कणांबद्दल असंच मांडलं: टकरीतली ऊर्जा वाढवली तरी तापमान एका मर्यादेशी अडतं, जादा ऊर्जा नवे कण घडवण्यात जाते. हे एक मॉडेल. दुसरं, स्वीडनमध्ये बेतलेलं स्ट्रिंग मॉडेल. दोन क्वार्क (प्रोटॉनच्या आतले बारके कण) लांब जाताना मधला दोर ताणला जातो, ताण सुमारे १६ टन वजनाएवढा! दोर तुटतो तिथं क्वार्कची नवी जोडी तयार होते.

आता पोटाचं. एम.एस्सी. दोन वर्षं, पीएच.डी. पाच-सहा, मग परगावी, परदेशी पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम. कायम जागा मोजक्याच. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० रुपये, म्हणजे त्या काळात तुमच्यावर भार नाही. पण तिशीपर्यंत पक्की नोकरी नसेल, हे घरात आत्ताच बोलून घ्या. अधेमधे वाट सोडली तरी प्रोग्रॅमिंग आणि स्टॅटिस्टिक्स हाताशी राहतं, त्याला बाहेर गिऱ्हाईक आहे. बी.एड. कुठं पळून जात नाही.

माझी शंका वेगळी आहे. तिला विषय आवडतो की त्याचे व्हिडिओ? थिअरीवाल्याचा बराचसा दिवस गणितातली नाहीतर कोडमधली चूक शोधण्यात जातो. म्हणून एक परीक्षा. 'पायथिया' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आत तेच स्ट्रिंग मॉडेल आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तिनं प्रोटॉनच्या १३,००० जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेच्या हजार टकरी चालवाव्यात, प्रत्येकीत विद्युतभारित कण किती निघाले त्याचा आलेख काढावा. मग त्यातला 'मल्टिपार्टन इंटरॅक्शन' नावाचा भाग बंद करून पुन्हा चालवावं. कणांची संख्या धपकन खाली येते. का, हे तिला स्वतः शोधू दे. पहिल्यांदा प्रोग्रॅम चालणारच नाही. दोन रात्री त्याच्याशी झटून तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली, तर बी.एड.चा विषय काढू नका. नवा लॅपटॉप मात्र आत्ताच घेऊ नका.

चांगल्या ठिकाणी एम.एस्सी.साठी जॅम ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत होते. तिसऱ्या वर्षात असतानाच देता येते. अर्ज साधारण सप्टेंबरात सुरू होतात, तुमची हंगामाची जुळवाजुळव चालू असते तेव्हाच. तारीख हुकू देऊ नका.