नमुना ८ ला नोंद आहे म्हणून शाळा ग्रामपंचायतीची होत नाही

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. गावात इंग्रजांच्या काळातली कवेलूची शाळा आहे. नवी इमारत झाल्यापासून ती रिकामीच आहे. मागच्या मासिक सभेत ती पाडून दुकानगाळे काढायचा ठराव झाला. ‘इमारत आपल्या नमुना ८ ला आहे,’ असं सरपंच म्हणतात. मी गप्प बसलो, सही मात्र केली. एवढी जुनी वास्तू अशी पाडता येते का? उद्या हे माझ्यावर शेकेल का?

उत्तर : भाऊ, नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. तिने मालकी ठरत नाही.

आपल्या भागातल्या अशा जुन्या सरकारी शाळा जनपद सभेकडून (जिल्हा परिषदेआधीची स्थानिक संस्था) १९६२ मध्ये जिल्हा परिषदेकडे आल्या. तुमची शाळा ग्रामपंचायतीला दिली असेल, तर हस्तांतरणाचा आदेश असला पाहिजे आणि नमुना २२ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत, नोंदही. आधी तो आदेश मागा. जिल्हा परिषदेची स्थावर मालमत्ता नोंदवहीही माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचं काम आहे. इमारतीखालची जागा हा वेगळा प्रश्न. त्यासाठी १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक वापराच्या जमिनींची नोंद) काढा. मालगुजाराने, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराने, जागा दिली असेल, तर त्याचा माग तिथे लागू शकतो.

मालक जिल्हा परिषद असली, तरी तिलाही थेट जेसीबी लावता येत नाही. आधी निर्लेखन, म्हणजे इमारत रीतसर मालमत्तेतून कमी करणं, व्हावं लागतं : अभियंत्याची पाहणी, मूल्यांकन, मंजुरी, मग जाहीर लिलाव. त्या कागदावर सागवानी आडी, चौकटी, दारं मोजून लिहिली आहेत का, ते नीट बघा. नुसतं ‘जुना मलबा’ लिहिलं असेल, तर तिथंच लेखी हरकत घ्या. गावाचं सागवान मलब्याच्या भावात जाताना पाहून मला फार वाईट वाटतं.

वयाबद्दल स्पष्ट सांगतो. वास्तू जुनी आहे म्हणून आपोआप संरक्षित होत नाही. प्राचीन स्मारकांच्या १९६० च्या राज्य कायद्याखाली अधिसूचना निघावी लागते. पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाकडे फोटोंसह प्रस्ताव जरूर पाठवा, पण त्याला वेळ लागतो. पाडकाम आत्ता थांबवायचं, तर मालकीचाच मुद्दा धरा.

तुमची सही हजेरीची आहे की ठरावावरची? इतिवृत्ताची नक्कल काढून पाहा. काहीही असो, आपला विरोध आजच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्या, पोच घ्या आणि पुढच्या सभेत तो वाचून इतिवृत्तात नोंदवायला लावा. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान झालं, तर ठरावात सामील सदस्यांवरही जबाबदारी येऊ शकते. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीविरुद्धच्या १९८४ च्या कायद्यात अशा नुकसानीसाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

बेकायदेशीर ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४२ मध्ये आहे. ठरावाची प्रत जोडून जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, दोघांनाही अर्ज द्या. त्याआधीच पाडकामाची तारीख ठरली, तर वकील लावून दिवाणी न्यायालयात तात्पुरत्या मनाईहुकमाचा अर्ज करा.